बुरख्यावरून

दुपारचा एक वाजून गेला तरी डॉक्टर आभाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, तसाच ठेवला. सकाळी तिनं हव्वाबींना विमानप्रवासाला हरकत नसल्याचा दाखला दिला होता, आणि आता तो दाखला तिला खात होता.

हव्वाबी संध्याकाळच्या विमानानं दोहाला निघाल्या होत्या. तिथे लेकीला, झेबाला, मुलगी झाली होती. पहिल्या नातीचा अकीका, म्हणजे जावळ-बारसंच. "जरा दम लागतो, छातीत दडपतं," म्हणाल्या म्हणून आभानं ईसीजी काढला. नॉर्मल. हार्ट अटॅक नाही ना, मग झालं! बाहेर वीस पेशंट ताटकळलेले. तिनं बुरख्यावरूनच स्टेथोस्कोप टेकवला आणि सही ठोकली. बायकांना कपड्यांवरूनच तपासायचं, ही दवाखान्याची तिच्या वडिलांपासूनची रीत. लाज राखली जाते म्हणे. राखली जाते खरी, पण कापडाच्या सळसळीत काळजाचं ऐकू येतंय थोडंच!

आणि उठता उठता म्हातारी बोलली होती, "जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते गो. वय झालं." दम, दडपण, अंधारी. तिन्ही एकत्र आली की हृदयाची झडप अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा, हे शिकाऊ पोरगंही सांगेल.

हव्वाबींचा फोन लागेना. तिनं स्कूटर काढली. कळंबोली सर्कलला न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या कंटेनरांनी रस्ता अडवून धरलेला. ती मनातल्या मनात चडफडत राहिली, ट्रकवाल्यांवर थोडी, स्वतःवर जास्त. निघाल्या असतील तर? वाटेत, विमानात काही झालं तर?

पनवेलला हव्वाबींच्या घरी ती पोचली तेव्हा त्यांचा मुलगा यासीन टॅक्सीच्या टपावर बॅगा बांधत होता.

"खाला, दोन मिनिटं आत चला."

दार लावलं, बुरखा उतरवला, आणि स्टेथोस्कोप थेट छातीवर ठेवला. लाकडावर करवत फिरावी तसा खरखरीत आवाज, पार मानेपर्यंत चढलेला. "खाला, काळजाची झडप अरुंद झालेली वाटतेय. आज विमान नको," आभा म्हणाली.

"सकाळी नव्हतं काय हे?" हव्वाबींनी विचारलं.

"होतं. सकाळी मी बुरखा तपासला, खाला. तुम्हाला नाही. चूक माझी."

आत आलेला यासीन भडकला. "सकाळी फिट, दुपारी अनफिट? मजाक लावलीय? तिकडे सगळे वाट बघतायत!"

आभानं वाद घातला नाही. स्टेथोस्कोप त्याच्या कानांत घातला आणि दुसरं टोक त्याच्या आईच्या मानेवर धरलं. तो ऐकत राहिला. मग बाहेर गेला आणि टपावरची दोरी सोडू लागला.

"नात बघायला मिळंल ना गो?" हव्वाबींनी तिचा हात धरला.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण न तपासता एकदा 'हो' म्हणून झालं होतं तिचं.

"आधी टूडी एको, हृदयाची सोनोग्राफी करू," आभा म्हणाली, आणि त्यांच्या चपला त्यांच्या पायांपाशी सरकवल्या.