महादेवप्पांची खरी साक्ष

गुरुवारी सकाळी साडेनऊला महादेवप्पांनी फोनवर खरं ते सांगितलं आणि पावणेदहाला त्यांचं ऑपरेशन थांबलं.

ही बातमी त्यांच्या मुलीला, दाक्षायणीला ऋतुजाने दिली. ऋतुजा त्या हॉस्पिटलात तळमजल्यावर सरकारी योजनेच्या टेबलामागे बसायची. तिच्या पदाचं नाव आरोग्यमित्र होतं, पण त्या क्षणी ती कुणाचीच मित्र दिसत नव्हती. तीन जिने पळत चढल्यामुळे तिला धाप लागली होती.

"ताई, हॉस्पिटलने पैसे घेतले म्हणून तुमच्या अप्पांनी तक्रार केलीय," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. योजनेत उपचार पूर्ण मोफत. हॉस्पिटलने पेशंटकडून रुपया जरी घेतला तरी योजनेच्या यादीतून हॉस्पिटलचंच नाव उडतं. त्यामुळे सरकार अधूनमधून पेशंटला परस्पर फोन लावून विचारतं, तुमच्याकडून पैसे घेतले का? शंभरातले नव्व्याण्णव नाही म्हणतात आणि एक जण झोपलेला असतो. महादेवप्पा जागे होते. ते म्हणाले, घेतले की, का घेऊ नयेत, काम करणारा पैसे घेणारच. फोनवरच्या मुलीने घाबरून किती ते विचारलं. महादेवप्पांनी सांगितलं की पुरे घेतले, माझ्या मुलीने भरले, पावती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. वर त्या मुलीला, तुझं कल्याण होवो, असा आशीर्वादही दिला.

पावती गॅस सिलिंडरची होती. ती दाखवण्याआधी दाक्षायणीने त्यांचा चष्मा लपवला होता.

तिचाही नाइलाज होता. महादेवप्पांची बाळीवेशीत पिठाची गिरणी. कष्ट केल्याशिवाय घास घ्यायचा नाही, यालाच त्यांच्या धर्मात कायक म्हणतात आणि बाकीचे लोक ते वर्षातून एकदा प्रवचनात ऐकतात. महादेवप्पा ते रोज करायचे. दळण संपलं की जात्याच्या कडेला चिकटलेलं पीठ ब्रशने झाडून, कागदात बांधून ज्याचं त्याला परत द्यायचे. मठात प्रसादाला गेले तरी आधी पंगतीला वाढायचे, मग बसायचे. एका वर्षी उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तर डाव्या हाताने पापड वाढून बसले. कोरोनाची लस फुकट आहे असं कळल्यावर त्यांनी लसीकरण केंद्राचं आवार झाडायला घेतलं होतं. मागची रांग ओरडत होती की आजोबा, आधी टोचून घ्या, पण ते कोपऱ्यातला पालापाचोळा काढल्याशिवाय आत गेले नाहीत.

अशा माणसाच्या काळजाची मुख्य नळी नव्वद टक्के बंद झाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बायपास करणारे सर्जन पुण्याहून फक्त गुरुवारी येतात, आणि पुढचा गुरुवार धरू नका. दाक्षायणीने योजनेचं नाव काढताच महादेवप्पांनी डॉक्टरांना विचारलं, त्याबदल्यात मी वॉर्ड झाडला तर चालेल का? डॉक्टर म्हणाले की तुम्हाला संडासापर्यंत चालायलाही बंदी आहे. तर मग ऑपरेशन नको, असं महादेवप्पांनी सांगून टाकलं.

रेडिमेड युनिफॉर्मच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या दाक्षायणीकडे तेवढे पैसे सात जन्मांत जमले नसते. मग तिने खोटं रचलं. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, पैसे भरले, ही पावती. योजनेसाठी अंगठ्याचा ठसा लागतो, तो ऑक्सिजन तपासायचाय म्हणून घेतला. महादेवप्पांनी किती आला म्हणून विचारलं, दाक्षायणीने अठ्ठ्याण्णव सांगितलं. ऋतुजा तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर अतिशय लक्ष देऊन वाचत होती.

आता तेच कॅलेंडर वाचणारी ऋतुजा सांगत होती की मंजुरी गोठवली आहे. जिल्ह्याचे साहेब जबाब घ्यायला निघालेत. एक वाजेपर्यंत मंजुरी सुटली नाही तर सर्जन पुढचा पेशंट घेणार आणि संध्याकाळी गाडीत बसून पुण्याला जाणार.

"मी खरंच पैसे भरले तर?" दाक्षायणीने विचारलं. कुठून भरणार हे तिलाही माहीत नव्हतं.

"मग हॉस्पिटलने खरंच घेतल्यासारखं होईल," ऋतुजा म्हणाली.

म्हणजे अप्पा वाचायचे तर त्यांनी साहेबांना, पैसे घेतले नाहीत, असं सांगायला हवं. ते खोटं बोलणार नाहीत, म्हणून त्यांना खरं कळायला हवं. आणि खरं कळलं की ते ऑपरेशन करून घेणार नाहीत. दाक्षायणीने हा गुंता तीन वेळा सोडवून बघितला. तिन्ही वेळा अप्पा मेले.

ती वॉर्डात आली तेव्हा महादेवप्पांचं शेजारच्या खाटेवरच्या बाळासोशी भांडण चाललं होतं. बाळासो मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ. त्याच्या छातीत स्प्रिंग बसवायची होती, तीही योजनेतूनच. मंगळवारपासून दोघांचा एकच विषय होता. दाक्षायणीने हात जोडून विनवल्यामुळे बाळासो महादेवप्पाही योजनेतच आहेत हे न बोलता, छताकडे बघून भांडायचा.

सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा, असं बाळासोचं म्हणणं. काड्याच्या पेटीवर टॅक्स, बनियनवर टॅक्स, आपण जन्मभर भरतोय, मग एकदा छाती उघडून घेतली तर काय बिघडलं. महादेवप्पा म्हणायचे की कर दिला तो दिला, दान देऊन पावती मागायची नसते, आणि फुकट मिळायला लागलं की माणूस आजारपण शोधत फिरतो. त्यावर बाळासो छताला म्हणाला, "हौसंनं कोन छाती फाडून घेतंय व्हय? आन मटात पंगतीला बसता की. ती पंगत काय तुमच्या आज्ज्यानं घातलीया?"

"वाढून बसतो," महादेवप्पा म्हणाले.

"सगळीच वाढाय उटली तर जेवायचं कुनी?"

याला उत्तर शोधण्यात महादेवप्पांची दोन मिनिटं गेली. साहेबांकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळावं म्हणून त्याच दोन मिनिटांत दाक्षायणीने खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. फोन, पावती, अंगठा, विकलाच नाही तो तुकडा. अकरा वीस झाले होते.

गळ्यातल्या चांदीच्या पेटीतलं इष्टलिंग महादेवप्पांनी मुठीत धरलं. डोक्यावरच्या पडद्यावर काळजाचे ठोके ब्याऐंशी होते ते शंभर झाले, मग एकशे बारा. यंत्र पिंपिं करू लागलं.

"चष्मा दे," ते म्हणाले.

तिने दिला. त्यांनी उशीखालची पावती काढून वाचली. भारतगॅस की इंडेन, तेही नीट बघितलं. मग घडी घालून पुन्हा उशीखाली ठेवली, आणि छातीवर चिकटवलेल्या वायरी एकेक करून काढायला सुरुवात केली.

"अप्पा, उठू नका."

"चप्पल कुठंय माझी?"

"अप्पा, तुम्ही दारापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

"मग दारात मरतो. चप्पल दे."

चप्पल खाटेखाली होती. दाक्षायणीने ती पायाने ओढली आणि स्वतःच्या पायांत घातली. का घातली ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. दहा नंबरच्या पुरुषी चपलांत ती अंग चोरून उभी राहिली, आणि महादेवप्पा पाय खाली सोडून तिच्या पायांकडे बघत बसले. अनवाणी जाता आलं असतं. पण देवळाखेरीज ते कुठेही अनवाणी गेलेले नव्हते आणि आता सवय मोडायचं वय नव्हतं. बाळासोने भांडण थांबवून सिस्टरला हाक मारली. सिस्टर आली, वायरी पुन्हा लावून गेली. महादेवप्पांनी लावू दिल्या, पण पाय वर घेतले नाहीत.

साडेबाराला साहेब आले. सोबत मोबाइलवर चित्रीकरण करणारा एक माणूस आणि पांढरीफटक ऋतुजा. साहेबांनी खुर्ची ओढली, आजोबा म्हणून हाक मारली आणि विचारलं, की तुमच्याकडून हॉस्पिटलने पैसे घेतले का?

"नाही," महादेवप्पा म्हणाले.

ते खरंच होतं, त्यामुळे त्यांना जड गेलं नाही. ऋतुजाने भिंतीला पाठ टेकली. पण साहेब वीस वर्षं जबाब घेत होते. त्यांनी कागद काढून सकाळचा फोन शब्दशः वाचून दाखवला. पावती बघितली असं तुम्ही म्हणालात. हॉस्पिटलने दिली नाही, तर ती कुणी दिली? कुणी खोटी पावती दाखवून पेशंटला फसवत असेल तर ते योजनेला परवडणार नाही, पोलिसांत देऊ. घरातलं माणूस असलं तरी देऊ. हे बोलताना साहेबांचं लक्ष दाक्षायणीकडे गेलं आणि मग तिच्या चपलांकडे.

बारा चाळीस.

महादेवप्पांनी मुलीकडे बघितलं. तिने खाली बघितलं. गुन्हा कबूल करायचा म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात ते बोलले.

"पावती गॅसची हाय. मला चष्मा नव्हता, म्हातारा माणूस, काहीतरी बरळलो."

"मुलीने पैसे भरले असं म्हणालात."

"ती काय बोललीच नाही. मीच मनाने धरलं."

"म्हणजे उपचार मोफत आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

पडद्यावर एकशे अठरा झालं. बाळासो कुशीवर वळून बघत होता. मोबाइलवाल्याने मोबाइल जरा जवळ आणला.

"माहीत होतं," महादेवप्पा म्हणाले. "पहिल्यापासून."

साहेबांनी जबाब लिहून पुढे केला. महादेवप्पांनी तो पुरता वाचला, एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती साहेबांकडून दुरुस्त करून घेतली आणि खाली कानडीत सही केली. बारा पन्नासला साहेबांनी मोबाइलवर कसलंसं बटण दाबलं. ऋतुजा जिन्याकडे पळाली.

माणसं गेल्यावर महादेवप्पांनी पाय वर घेतले आणि उशीला टेकले. डाव्या हाताची बोटं त्यांनी डोळ्यांसमोर धरली.

"बरळलो म्हणालो, ते एक," त्यांनी करंगळी दुमडली. "तू बोलली नाहीस म्हणालो, ते दोन. पहिल्यापासून माहीत होतं, ते तीन. अडुसष्ट वर्षं झाली, यव्वा. एकसुद्धा नव्हतं."

दाक्षायणीला हुंदका आला. त्यांनी तो येऊ दिला.

"आता फुकटचं खायचं तेवढं राहिलंय. तेही आजच उरकून घेऊ. रोज थोडं थोडं बिघडण्यापेक्षा एका दिवसात सगळं बिघडलेलं बरं."

बाळासोला राहवलं नाही. "मंग मालक, सरकारचा पैसा आपलाच की—"

"तू गप बस बे," महादेवप्पा म्हणाले.

एकला पाच कमी असताना स्ट्रेचर आलं. इष्टलिंगाची पेटी सिस्टरने गळ्यातून काढून त्यांच्या दंडाला पट्टीने बांधली, ते त्यांनी दोनदा हाताने चाचपून बघितलं. लिफ्टपर्यंत दाक्षायणी सोबत चालली. चपला मोठ्या असल्यामुळे तिच्या पावलांचा फटफट आवाज येत होता आणि वाटेतली माणसं वळून बघत होती. ऑपरेशन थिएटरच्या दारात वॉर्डबॉयने तिला थांबवलं.

महादेवप्पांनी मान तिच्याकडे वळवली.

"हे बघ. बाहेर आल्यावर मी तुझ्याशी बोलणार नाही. महिनाभर. जेवण दिलंस तरी बोलणार नाही."

"बरं," दाक्षायणी म्हणाली.

"महिना कमी वाटत असेल तर दोन."

"दोन धरा, अप्पा. तीन धरा."

दार लागलं. अबोला धरायला माणूस बाहेर यावा लागतो, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं, आणि ते धरूनच ती समोरच्या बाकावर बसली. सहा तास लागतात असं कुणीतरी सांगितलं होतं.