वकिलाचा पार्ट

देवाजी भिलाईत आला तेव्हा कारखान्याच्या जागी नुसतं खोदकाम चाललं होतं. तिकडच्या मराठी कामगारांनी नाटकं सुरू केली आणि पहिल्याच नाटकात देवाजीला हवालदाराचा पार्ट मिळाला. पुढं भट्ट्या पेटल्या, क्वार्टरं उठली, आणि देवाजी दरसाल कोणी ना कोणी होत गेला. सावकार, पोस्टमन, आंधळा बाप, एकदा तर सासू. खुर्सीपारच्या बाजारात भाजीवाली अजून त्याला सासूबाई म्हणायची. त्याला ते आवडायचं.

पासष्ट साली नाटक बसवणारे चिंतामणराव म्हणाले, "यंदा वकील तुम्हीच. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांभाळलंत, आता तुमचा हक्क आहे."

देवाजीला नाही म्हणवलं नाही. घरी सांगितलं, तर त्याची बायको पंचफुला नळावर सगळ्यांना सांगून आली. आपला माणूस काळा कोट घालून कोर्टात बोलणार, म्हणून क्वार्टरांची सगळी ओळ खुश झाली.

तालीम सुरू झाली आणि देवाजीची झोप उडाली. आजवर तो समोरच्याकडं बघायचा, त्याचं ऐकायचा, मग बोलायचा. वकिलाला पानपानभर एकट्यानं बोलायचं होतं. शब्द पाठ होते, पण शाळेतल्या कवितेसारखे निघत. चिंतामणराव काही बोलत नसत, तेच जास्त लागायचं.

एका दुपारी पंचफुलेनं ताटातला भात तसाच पाहिला.

"कावून जेवून नाई राहिले तुमी?"

"मले तो वकील नाई जमत. करायचाच नाई मले."

ती ताटाजवळ बसली. "कोनी काई म्हटलं काय? आपल्या समाजाच्या मानसाले मोठा पार्ट कावून, असं?"

"नाई वो. ते तं देऊन राहिले. मले दुसऱ्यासंगं बोलाले आवडते. एकटा बोललो का मीच मले खोटा वाटतो."

पंचफुलेचा चेहरा उतरला. पण उष्टं ताट उचलताना तीच म्हणाली, "मंग देवीदासले द्याले सांगा ना. तो बी आपलाच हाय. सभेत कसा बोलते."

देवीदास पलीकडच्या ओळीतला, रेल्वेत कामाला होता आणि युनियनचा आवाज होता. देवाजी घाबरतच चिंतामणरावांकडं गेला आणि एका दमात सांगून मोकळा झाला.

चिंतामणरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. "देवाजी, मी कितीतरी दिवस हेच कसं सांगू म्हणून बसलोय. तुम्हाला लागेल असं वाटलं."

दोघांनाही हसू आवरेना.

"जज कोन करून राहिला?" देवाजीनं विचारलं.

"कोणीच नाही अजून. वाक्यं थोडीच आहेत त्याला."

"मंग मले द्या."

नाटकाला मैदान भरलं होतं. देवीदासचं भाषण सुरू झालं आणि उंच खुर्चीवर बसलेला देवाजी ऐकू लागला. सगळं पाठ असूनही पहिल्यांदाच ऐकावं तसं. मध्येच देवीदास घाईला आला. देवाजीनं सावकाश हातातली लेखणी टेबलावर ठेवली, देवीदासनं श्वास घेतला आणि पुढचं नीट बोलला. टाळ्या वकिलाला पडल्या. त्या देवाजीला खुर्चीतून फार छान ऐकू आल्या.

घरी जाताना पंचफुला म्हणाली, "मी वकिलाकडं पायलंच नाई. तुमच्याकडं पाहून राहिली होती."

"मी तं काई बोललो बी नाई."

"तरी बी."

महिन्याभरानं चिंतामणरावांनी नव्या नाटकातला, रोग्यांचं ऐकून घेणारा वैद्य करायला सांगितलं, तेव्हा देवाजी लगेच हो म्हणाला.