तशीच ठेव

"जास्वंद वाहिलीस ना गणपतीला?" फोनवर श्यामसुंदरांचा आवाज खोल गेलेला, पण चौकशी मात्र खणखणीत.

"वाहिली हो," जयंती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

समोर, खिडकीच्या गजांपलीकडे जास्वंदीवर लालभडक फुलं डोलत होती. एकही तोडलेलं नव्हतं. नवरा बायपाससाठी हॉस्पिटलात पडलाय आणि बायको इथे चक्क देवाच्या नावाने खोटं बोलतेय! चहा गार झाला. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

मुलुंडच्या त्या इमारतीत तळमजल्यावर राहण्याचा एकच फायदा: मागची वीतभर जमीन. डास, घुशी, वरच्यांच्या कपड्यांचं ठिबकणारं पाणी, सगळं सोसायचं. पण जमीन होती. जयंती लग्न होऊन आली तीच हातात खुरपं घेऊन म्हणा ना. उन्हाळ्यात मोगरा, पावसात अनंत, थंडीत शेवंती, आणि जास्वंद नि तगर बारमाही. चहाचा चोथा घालायचा हिने, जुन्या टूथब्रशने पांढरी कीड काढायची हिने. आणि फुलं? ती श्यामसुंदरांची. म्हणजे देवाची. पहाटे अंधारातच ते परडी नि आकडी घेऊन उतरायचे, कारण उजाडलं की मॉर्निंग वॉकवाले कुंपणातून हात घालून झाडं ओरबाडणार. श्यामसुंदर उद्याची कळीसुद्धा सोडायचे नाहीत. वाटीत पाण्यात घालून ठेवायचे. देवघर फुललेलं, झाडं मात्र बारा महिने बोडकी.

"एक तरी फूल राहू द्या हो झाडावर," ती म्हणायची.

"राहिलं तर ती तिसऱ्या मजल्यावरची उत्तरा नेईल. त्यापेक्षा देवाला गेलेलं काय वाईट?"

देवाशी भांडून कुणी बायको जिंकल्याचं ऐकलंय का?

आता गणपती नुकतेच गेले होते, आणि श्यामसुंदरांच्या छातीत दुखायला लागलं. ते हॉस्पिटलात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घाबरल्या जिवाला फुलांची आठवणच राहिली नाही. ऊन चढल्यावर तिने मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकली. पाइपावर चढलेली गोकर्ण निळीशार झाली होती. तगर तर पानं दिसू नयेत इतकी पांढरी.

"अगं बाई, एवढी?" ती मोठ्याने म्हणाली. तिला आनंद झाला. नुसता आनंद, लहान मुलीला होतो तसा. आणि लगेच लाजही वाटली. नवरा तिकडे, आणि तू इकडे फुलं बघतेस?

पुढच्या दिवशी विसरल्याचं निमित्तही नव्हतं. ती परडी घेऊन उतरली आणि रिकामी परडी घेऊन परत आली. उत्तरा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हजर झालीच.

"काकू, काकांची पूजा बंद आहे ना? मग मी घेते. वाया चाललीत."

"वाया नाही चाललीत. मी बघतेय."

उत्तरा तोंड वाकडं करून गेली. पण जयंतीचा जीव काही थाऱ्यावर येईना. देवाचं देवाला दिलं नाही, आणि उद्या ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर? मग आयुष्यभर या झाडांचं तोंड बघवेल का?

ऑपरेशनच्या सकाळी तिने जास्वंदीचा देठ धरलासुद्धा. चिमूट आवळलीही, पण तोडवेना. बाहेर देवव्रत रिक्षा थांबवून ओरडत होता, "आई, चल ना गं! नेतील बाबांना आत!" तिने घाईघाईत मोबाइलवर एक फोटो काढला आणि धावत सुटली.

हिरव्या गाऊनमध्ये, कवळी काढल्यामुळे गालफडं बसलेले श्यामसुंदर तिला ओळखूच येईनात.

"पूजा झाली?"

"झाली" अगदी ओठांवर होतं. पण या माणसाशी आज खोटं बोलवेना.

"नाही. तुम्ही इथे आल्यापासून एक फूल तोडलं नाही मी. दिवा लावते, हात जोडते. फुलं झाडावरच आहेत."

"आई!" देवव्रतने कपाळाला हात लावला. "आत्ताच सांगायचं होतं का हे?"

श्यामसुंदरांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुकली असतील."

"जुनी गळतात, नवी येतात." तिने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो अगदी नाकाशी धरला.

"ही कुणाची बाग?"

"आपली."

"काहीतरीच!"

"अहो, तो आपला पाइप नाही का, फुटका?"

"एवढी येतात?"

"रोज येतात. तुम्ही अंधारात काढता, दिसणार कशी?"

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मोबाइल परत देण्याआधी त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. "तशीच ठेव," ते म्हणाले. "आलो की बघतो."

दार बंद झालं. देवव्रत येरझारा घालू लागला. देवबिव न मानणारा हा मुलगा; पण तासाभराने जवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आई, मी घरी जाऊन येऊ? निदान एक जास्वंद वाहतो गणपतीला. पटकन येतो."

"नको. हात लावू नकोस."

"अगं, संध्याकाळी मिटतीलच ना ती! बाबांना घरी यायला आठवडा लागेल."

"मिटू देत," जयंती म्हणाली. "ह्यांनी ठेव म्हणून सांगितलंय."