वर येताना जिना, खाली जाताना लिफ्ट

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाद्यांच्या दुकानाशेजारून वर जाणारा तो चिंचोळा जिना सकाळपासून माणसांनी भरून गेला होता आणि सगळी माणसं धापा टाकत होती. कोणी कठडा धरून उभं, कोणी पायरीवरच बसकण मारलेली, कोणी छातीला हात लावून डोळे मिटून घेतलेले. मधूनच एखादा "वाफबाबांचा जयजयकार!" असं ओरडायचा आणि उरलासुरला दमही त्यातच घालवून बसायचा.

तिसऱ्या मजल्यावर वाफबाबा होते. ज्यांना श्वास पुरत नाही त्यांना ते श्वास देत. इमारतीला लिफ्ट होती, चांगली चालू होती, पण तिच्या दारावर पाटी होती: 'येताना श्रद्धा, जाताना लिफ्ट.' आजारी माणसाने पायांनी चढून यायचं आणि बरं झालेल्याने लिफ्टने उतरायचं, असा तिथला नियम. त्यामुळे वर जाणारा प्रत्येक जण मरायला टेकलेला दिसे आणि खाली येणारा प्रत्येक जण टुणटुणीत. रस्त्यावरून जाणाऱ्यांची एवढ्यावरच खात्री पटायची.

पहिल्या मजल्यावर बाई टेकल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. वर्षभरापूर्वी फळ्यावर आकृती काढता काढता त्यांना असा दम लागला की खडू हातातून पडला. बऱ्याच तपासण्यांनंतर कळलं ते असं: हृदयाकडून फुफ्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या आणि तिथला रक्तदाब भलताच वाढला होता. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब अगदी व्यवस्थित. हा आतला, निराळा. या जिन्यातून गर्दी ढकलावी तसं त्यांचं हृदय रक्त ढकलून ढकलून थकत होतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि हातात मावेल असं एक छोटं यंत्र दिलं. त्यात औषध घालायचं आणि त्याची वाफ तोंडाने ओढून घ्यायची, दिवसातून चार वेळा. औषध थेट फुफ्फुसात उतरतं आणि तिथल्या वाहिन्या सैल करतं. खोकला यायचा, चेहरा तापायचा, जबडा दुखायचा. पण दोनेक महिन्यांत बाई पुन्हा आपली वेणी आपण घालू लागल्या. आधी हात वर केला तरी धाप लागायची.

"आजार काबूत राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. आणि काहीही झालं तरी हे औषध एकदम बंद करायचं नाही. दाब उसळला तर जिवावर बेतेल."

नवऱ्याने यातलं 'जाईल असं सांगणार नाही' एवढंच मनात धरलं आणि झुरू लागला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांना 'आता दिसतंय का? आता?' विचारणारा तो मवाळ माणूस रात्री बाईंचा श्वास ऐकत जागा राहायचा. आणि अशा माणसाला नेमकी बहीण मिळाली होती ती वाफबाबांची पट्टशिष्या. नणंदेला स्वतःला कसलाच आजार नव्हता, त्यामुळे बाबांचा गुण तिला सगळ्यांत लवकर आला होता.

"दादा, डॉक्टर म्हणतात जात नाही, बाबा म्हणतात जातो. मग जायचं कुणाकडे?" ती म्हणाली. या हिशेबापुढे नवरा गार पडला.

मागच्या आठवड्यात पहिली बैठक झाली. बाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर झळकला. बाबांनी वाफ दिली आणि आकडा सगळ्यांदेखत चढला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता पुढच्या वेळी ते यंत्र घेऊन ये," बाबांनी हुकूम सोडला. "दोन वाफा एका छातीत नांदत नाहीत."

घरी त्यावरून मोठं रण माजलं. नवरा हात जोडून म्हणाला, "अगं, आकडा मी स्वतः बघितला. आकडा कशाला खोटं बोलेल?" बाईंना उत्तर सुचलं नाही. ते न सुचल्याचा राग येऊन त्या बोलून गेल्या, "पुढच्या वेळी हे कसं होतं ते मी तिथल्या तिथे दाखवीन. नाही जमलं, तर देऊन टाकीन यंत्र." बोलल्या आणि जीभ चावली. पण नवऱ्याने शब्द धरून ठेवला होता. आत्ता यंत्र त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं, आणि दुपारची मात्रा घ्यायची वेळ जवळ येत होती.

"चला वहिनी, थोडंच राहिलंय," नणंद वरून हाक मारत म्हणाली. "जितकी धाप जास्त, तितकी कृपा जास्त!"

बाई उठल्या. दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं. ओठ कोरडे पडले, छातीत धडधडू लागलं. या जिन्यावर आपण मेलो तर तेही बाबांच्या खात्यावर पुण्य म्हणूनच जमा होईल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या चिडून पुढची पायरी चढल्या.

तिसऱ्या मजल्याच्या दारात एक घंगाळ होतं, त्यात बर्फाचे खडे तरंगत होते. "शुद्धी!" सेवक म्हणाला आणि त्याने बाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवून धरले. बोटं बधिर होईपर्यंत सोडले नाहीत. मग ओल्या, निळसर पडलेल्या बोटाला चिमटा लावला. पडद्यावर आकडा आला: त्र्याऐंशी.

"अरेरेरे!" सगळी खोली हळहळली.

बाईंना आत नेऊन आरामखुर्चीत बसवलं. हातांवर एक जाड, उबदार वस्त्र टाकलं. त्याला कृपावस्त्र म्हणत. आत गरम पाण्याची पिशवी होती हे बाईंच्या हाताला लगेच कळलं. समोरच्या काचेच्या कपाटात भक्तांनी अर्पण केलेले दम्याचे पंप, मुखवटे, वाफ घ्यायची यंत्रं शोभेला मांडून ठेवली होती. एका पंपावर कुणीतरी लहान मुलाचं कार्टूनचं स्टिकर चिकटवलेलं होतं.

कोपऱ्यातल्या कापडी पडद्यामागून सूं असा बारीक आवाज आला आणि गुलाबाच्या वासाची गार, पांढरी वाफ खोलीत पसरली. तिच्यामागून बाबा प्रकटले. देह भरगच्च, झगा शुभ्र, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"भक्तांनो! विज्ञान म्हणतं, श्वास म्हणजे ऑक्सिजन. अरे, मग मेलेल्या माणसाभोवती ऑक्सिजन नसतो का? तो का उठत नाही?"

"खरंच की!" नणंद म्हणाली.

"कारण त्याला व्हायब्रेशन नाही! ही वाफ साधी नाही. आमच्या गुरूंनी देह ठेवताना जो शेवटचा श्वास सोडला, तो आम्ही जपून ठेवला आहे. रोज थोडाथोडा पाण्यात मिसळतो."

"इतकी वर्षं पुरला?" बाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"तो वाढतो," बाबा म्हणाले.

अशी बरीच व्हायब्रेशनं झाली. बाबा बोलत होते तोवर बाई निवांत बसून होत्या, हात उबेत होते, धाप हळूहळू खाली बसत होती. मग पुन्हा चिमटा लागला. चौऱ्याण्णव! टाळ्यांनी खोली दणाणली. नवऱ्याने डोळे पुसले आणि पिशवीची चेन उघडली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अहो, मला एक सांगा. उन्हातून तरातरा चालत आलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे तुम्ही लगेच तपासता का?"

नवरा गोंधळला. "छे! नंबर चुकीचा येतो. आधी बसवतो, पाणी देतो, मग तपासतो."

"समजा, एखाद्याने उन्हातून आल्या आल्या एकदा तपासलं आणि बसवून पुन्हा तपासलं. आणि मधल्या वेळात मंत्र म्हटला. तर?"

नवऱ्याचा हात पिशवीतच राहिला. त्याने दाराकडे बघितलं, जिन्याकडे, घंगाळाकडे, मग आरामखुर्चीकडे. माणूस साधा होता, पण आपल्या धंद्यात पक्का होता.

"वाफ बिफ काही नाही मग," तो हळूच म्हणाला. "बसवलं म्हणून..."

"अश्रद्धा!" बाबा गरजले. "या बाईच्या छातीत शंका अडकली आहे!"

"असेल," बाई म्हणाल्या. "म्हणून एकच विनंती. बाबांचा श्वास केवढा मोठा आहे तो आम्हा पामरांना बघू दे. बाबांनी भक्तासारखं जिन्याने वर यावं, शुद्धी घ्यावी आणि बोट पुढे करावं. शंका जागच्या जागी मरेल."

"आम्हाला मोजमापाची गरज नाही," बाबा घाईघाईने म्हणाले. पण आता भक्तांच्याच अंगात आलं होतं. देवमाणसाचा आकडा बघायला कोणाला नको? "शंभर येईल!" "शंभराच्या वर जाईल, पडदा फुटेल!" आणि सगळ्यांत पुढे नणंद: "बाबा, दाखवाच! वहिनीचं तोंड बंद होऊ दे!" तिच्या भक्तीपुढे बाबांचं काही चालेना. जयजयकारात त्यांना लिफ्टमध्ये घालून खाली नेण्यात आलं.

मग बराच वेळ काही झालं नाही. जिन्यातून आधी जयजयकार ऐकू आला, मग चपलांचा आवाज, मग नुसतीच धाप. रोज दार उघडायच्या आधी लिफ्टने वर येणारे बाबा हा जिना बहुधा पहिल्यांदाच चढत होते. दारात पोचले तेव्हा शुभ्र झगा पाठीला चिकटला होता आणि व्हायब्रेशन हा शब्दही तोंडातून फुटत नव्हता. नेहमीच्या सवयीने सेवकाने त्यांचे हात बर्फात बुडवून धरले. बाबा ओरडले, पण सेवक नियमाचा पक्का होता.

चिमटा लावला. पडद्यावर आकडाच येईना, नुसत्या दोन रेघा. मग एकदम सत्त्याऐंशी दिसले, पुन्हा रेघा.

मग मागून एक जण भक्तीने गदगदून म्हणाला, "बाबांचा श्वास मोजमापाच्या पलीकडे आहे!" आणि अर्धी खोली हात जोडायला लागली.

बाईंना हसूही आलं आणि रडूही. इतकं डोळ्यांदेखत होऊनही माणसं खड्डा चुकवून पुन्हा त्याच खड्ड्यात उतरत होती. त्या आरामखुर्चीतून उठल्या. "बाबा, बसा इथे. अहो, तो कापडी पडदा ओढा आणि मागचं यंत्र बंद करा."

नवऱ्याने पडदा ओढला. मागे हवा दमट ठेवायचं साधं यंत्र होतं, शेजारी नळाच्या पाण्याची कळशी आणि गुलाबाच्या अत्तराची बाटली. खटका दाबला तशी गुरूंच्या श्वासाची सूं बंद झाली. बाईंनी बाबांच्या हातांवर कृपावस्त्र टाकलं. वाफ नाही, मंत्र नाही, काहीच नाही. बाबा नुसते बसले होते आणि भिंतीकडे बघत होते.

थोड्या वेळाने बाईंनी चिमटा लावला. सत्त्याण्णव.

"आता सांगा, बाबांना कोणी बरं केलं?" बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "मी? मग उद्यापासून माझा जयजयकार करा. की या खुर्चीने? मग खालच्या गाद्यांच्या दुकानात चला, तिथे पुष्कळ देव आहेत."

कोणीतरी फस्सकन हसलं. मग हसू जिन्यापर्यंत पसरलं. बाबा मात्र आकडा बघून अजून हायसं वाटल्यासारखे बसले होते.

"बोट गार पडलं की तिथलं रक्त आटतं, चिमट्याला नीट दिसत नाही," बाई एकेक वाक्य दम घेत बोलत होत्या. "बाबांचं तेवढंच झालं. पण आमच्यासारख्या आजाऱ्यांचा ऑक्सिजन जिना चढताना खरोखर उतरतो. आधी दमवायचं, गारठवायचं, आणि मग माणूस बसल्यावर आपोआप सावरतो त्याचं श्रेय घ्यायचं. एवढाच चमत्कार. कपाटातली औषधं ज्याची त्याने ओळखून न्या, दुसऱ्याचं उचलू नका. आणि आजच डॉक्टरांना जाऊन सांगा की औषध बंद होतं. लाजू नका. लाजेपायी मरू नका."

कपाटाभोवती झुंबड उडाली. एका तरुण बाईने कार्टूनचं स्टिकर असलेला पंप उचलला, पदरात घट्ट धरला आणि कोणाशी न बोलता लिफ्टकडे पळाली.

नवऱ्याने पिशवीतून यंत्र काढलं. "अगं, वेळ झाली," एवढंच तो म्हणाला. सेवकाने बाबांना आरामखुर्चीतून उठवलं आणि तिथे बाई बसल्या. नवऱ्याने औषध भरलं. बाईंनी नळी ओठांत धरली आणि श्वास ओढला, सोडला, पुन्हा ओढला. नवरा शेजारी उभा राहून हळू आवाजात एकेक श्वास मोजत होता. गुलाबाचा वास नव्हता. खोकला आला, चेहरा लाल झाला, लोक गंभीर होऊन बघत राहिले.

यंत्र खाली ठेवल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, मग यानं तुम्ही पूर्ण बऱ्या कधी होणार?"

"नाही होणार," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी पुन्हा घ्यावं लागेल, उद्याही घ्यावं लागेल. जो मला खरं सांगतो त्याच्याकडे मी औषध घेते. जो सांगतो की आजार आज गेला, त्याला विचारा: कसा गेला? कुणी मोजलं? आधी दमवलं होतं का? एवढं विचारायला विज्ञानाची बाई असावं लागत नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. "मी देऊन टाकणार होतो गं ते," तो म्हणाला. बाईंनी त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, नुसत्या भीतीने.

दोघं लिफ्टने खाली आली. खालच्या दारात नणंद उभी होती. केव्हा सटकली होती कळलं नाही. तिने लिफ्टच्या दारावरची पाटी काढून काखेत मारली होती आणि जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून येणाऱ्यांना अडवत होती. वहिनीला बघून तिने नजर चुकवली.

"वर काही नाही हो," ती लोकांना सांगत होती. "आणि जायचंच असेल तर लिफ्टने जा. तिसऱ्या मजल्यावर बसायला एक खुर्ची आहे, बाकी काही नाही."