डोमाची बत्तीस गाणी

मी एक जुनी सायक्लोस्टाईल मशीन आहे, आणि मित्रांनो, माझ्यावर एकदा जप्ती येणार होती. ती कशामुळे ओढवली आणि पुढे काय झालं, ते आज तुम्हाला सांगते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. लोखंडी डबा आडवा ठेवावा तसं माझं अंग आणि बाजूला फिरवायचा दांडा. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. त्यावर टोकदार लेखणीनं अक्षरं कोरायची, तो माझ्या अंगावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. कोरलेल्या रेघांतून शाई झिरपते आणि कोऱ्या कागदावर अक्षरं उमटतात. एका स्टेन्सिलवर दोनशे प्रती सहज निघायच्या.

माझा जन्म कलकत्त्याच्या कारखान्यातला. तिथून मी साकोलीच्या एका कचेरीत आले आणि दहा वर्षं परिपत्रकं काढली. नवी मशीन आल्यावर माझा लिलाव झाला. १९७४ साली कोंढ्याच्या यादोराव गुरुजींनी मला विकत घेतलं आणि बैलगाडीत भाताच्या तणसावर निजवून घरी आणलं. त्यांच्या ओसरीत मला जागा मिळाली. परीक्षेचे पेपर, विहारातल्या कार्यक्रमांची पत्रकं, ज्यांना छापखाना परवडत नसे त्यांच्या लग्नपत्रिका, सगळं माझ्यातून निघे. लोक म्हणत, गुरुजींच्या मशीनीचं अक्षर छापखान्यापेक्षा चांगलं. हे ऐकून मला बरं वाटायचं.

त्याच गावात डोमा नावाचा माणूस होता. दिवसा मजुरी करायचा आणि संध्याकाळी विहारात गायचा. गाणी त्याचीच, आमच्याकडच्या झाडीबोलीतली. शिकायला निघालेल्या पोरीचं गाणं, तळ्याच्या पाण्याचं गाणं, रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, वाकलेल्या बाईच्या कमरेचं गाणं. अशी बत्तीस गाणी त्यानं रचली होती. १९६६ साली भंडाऱ्याच्या वासुदेवराव प्रकाशकांनी त्यांचं पुस्तक काढलं. त्याआधी त्यांनी डोमाकडून एक कागद लिहून घेतला. त्यात होतं की गाण्यांचे सर्व हक्क प्रकाशकाचे. डोमाला वाचता येत होतं. पण पुस्तक निघतंय या आनंदात त्यानं सही केली. त्याला पंचवीस पुस्तकं मिळाली आणि तो ती वाटत गावोगाव फिरला. पुस्तक संपलं, वासुदेवरावांनी ते पुन्हा काढलं नाही. पुढे १९७९ साली डोमा तापानं गेला.

त्याची बायको विमलाबाई त्याच्यासोबत गायची. तो गेल्यावर ती एकटीच गाऊ लागली. कार्यक्रम संपला की बाया तिच्याभोवती जमत आणि गाणी लिहून मागत. तिच्याकडे एकच पुस्तक उरलं होतं आणि त्याचीही अर्धी पानं वाळवीनं खाल्ली होती. तिची बहीण धुरपता एकोडीला राहायची. तिच्याकडचं पुस्तक आणून विमलाबाई गुरुजींकडे आली. गुरुजींनी बत्तीस गाण्यांचे स्टेन्सिल कोरले. मित्रांनो, इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं. दोनशे पुस्तिका निघाल्या आणि महिन्याभरात कोंढा, एकोडी, सानगडीपर्यंत पोचल्या.

त्यातलीच एक भंडाऱ्याला पोचली.

१९८१च्या जूनमध्ये पोस्टमननं गुरुजींची सही घेऊन एक लिफाफा दिला. आत वकिलाची नोटीस होती. गाण्यांचे हक्क वासुदेवरावांचे असून तुम्ही ती विनापरवाना छापली आहेत. पंधरा दिवसांत सगळ्या प्रती जमा करा आणि ज्या यंत्रावर त्या छापल्या ते हजर करा, नाहीतर फौजदारी तक्रार होईल. गुरुजींनी ती दोनदा वाचली. सरकारी नोकरी, घरात पाच माणसं. फौजदारी झाली तर नोकरी जाणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमलाबाईला बोलावून त्यांनी नोटीस वाचून दाखवली. मग तिनं विचारलं, "गुरुजी, माह्या नवऱ्याचं गानं म्हनाले बी त्यायले इचारा लागते का?"

त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं. घरोघर फिरून तिनं पुस्तिका परत मागितल्या आणि गुरुजींनी त्या भंडाऱ्याला पोचत्या केल्या. मला मात्र त्यांनी दिलं नाही. पोत्यात गुंडाळून गोठ्यात तणसाच्या ढिगामागे लपवलं. कुणी खाकी कपड्यातला माणूस गल्लीत दिसला की गुरुजी गोठ्याच्या दारात येऊन उभे राहत. तक्रार झाली नाही, पण भीती गेली नाही. अशी तीन वर्षं गेली. माझ्या रुळावर गंज चढला. उंदरांनी शाईची गादी कुरतडली. सगळ्यांत वाईट म्हणजे गावातून गाणं ऐकू येईना.

१९८४च्या श्रावणात, रोवणी चालू असताना, एकोडीहून धुरपता धावत आली. वासुदेवराव म्हातारपणामुळे छापखाना बंद करत होते आणि जुन्या पुस्तकांचे हक्क विकत होते. डोमाची गाणी गोंदियाचा हिरालाल घेणार होता. हिरालालचा कॅसेटचा धंदा होता. त्याला एकट्यालाच गाणी हवी होती, म्हणजे दुसऱ्या कुणी ती गाऊन विकायची नाहीत, छापायचीही नाहीत. सोमवारी कागद होणार होता. धुरपता आली तो मंगळवार होता.

बुधवारी पहिल्या एस.टी.नं गुरुजी आणि विमलाबाई भंडाऱ्याला गेले. वासुदेवराव त्यांना ओळखेनात. डोमाचं नाव सांगितल्यावर त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. ती नोटीस आपल्या मुलानं पाठवली होती, असं ते म्हणाले, पण आपण ती थांबवली नाही हेही त्यांनी कबूल केलं. मग म्हणाले, "मी ते पुस्तक पुन्हा काढलंही नाही आणि सोडलंही नाही. नुसतं धरून बसलो. हिरालाल जेवढे देतो तेवढेच शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा. मी त्याच्याकडून अजून विसार घेतलेला नाही."

उरले तीन दिवस. विमलाबाई रोवणीच्या बांध्यांतून, भाताच्या खाचरांतून, फिरली. चिखलात उभ्या असलेल्या बायांना तिनं सांगितलं की गाणी विकून चालली आहेत, एकदा गेली की आपल्याला कधीच मिळायची नाहीत. बायांनी दोन-दोन दिवसांची मजुरी दिली. विहारातल्या माणसांनी पैसे दिले, तसेच ज्यांच्या बांध्यात डोमानं काम केलं होतं त्या शेतकऱ्यांनीही दिले. सानगडीच्या बाजारात धुरपतानं पदर पसरला. तरी शुक्रवारी संध्याकाळी रक्कम कमीच भरली.

तेव्हा गुरुजींनी मला गोठ्यातून बाहेर काढलं. पवनीचा एक माणूस जुन्या मशीनी घेत असे. त्याला त्यांनी बोलावलं होतं. ज्या गाण्यांसाठी मी लपले, त्यांच्यासाठीच मी जाणार होते. मला रडता आलं असतं तर रडले असते. त्या माणसानं पोतं सोडलं, कुरतडलेली गादी पाहिली, गंजलेला रूळ बोटानं खरवडला आणि भंगाराचा भावही सांगितला नाही. तो सरळ निघून गेला. दारात गुरुजींची सायकल होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. शनिवारी सकाळी ती सायकल पवनीला विकली गेली आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी भंडाऱ्यात कागद झाला. सर्व हक्क विमलाबाईच्या नावावर.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं.

रविवारी दुपारी हिरालाल जीपनं कोंढ्याला आला. ओसरीत माझ्याशेजारीच बसला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं विमलाबाईला नीट समजावलं की कागद आता तुमचा आहे, मी तुम्हाला दुप्पट देतो. लोकांचे पैसे परत करा आणि उरलेल्यात घराच्या छपरावर कवेलू घाला, म्हातारपणाची सोय करा. सगळं कायद्यात बसत होतं. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. हक्क तिचे, त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं. अंगणात चार बाया उभ्या होत्या, त्याही बोलल्या नाहीत. विमलाबाईचं छप्पर किती गळतं ते त्यांना ठाऊक होतं. विमलाबाईनं उद्यापर्यंतचा वेळ मागितला.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा गुरुजी मला घासलेट लावून पुसत होते. करायला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून पुसत होते, असं मला वाटतं. ती म्हणाली, "गुरुजी, लिवा. हे गाने कोनीबी म्हनावं, कोनीबी छापावं, कॅसेटीत भरावं. इचारा लागत नाही अन् पैसे बी लागत नाहीत. डोमाचं नाव तेवढं घ्यावं."

गुरुजींचा चेहरा उजळला. पण लगेच ते थबकले. हिरालाल सोडून कुणीही, असं लिहू या, असं त्यांनी सुचवलं. नाहीतर ज्याच्यापासून गाणी वाचवली तोच ती फुकट नेणार. अंगणातल्या बायांनाही ते पटलं. विमलाबाईनं मान हलवली.

"ज्या कागदानं मी तीन साल मुकी रायली, तसाच कागद मी दुसऱ्याले देऊ का? कोनीबी म्हंजे कोनीबी, गुरुजी."

घरात एकच स्टेन्सिल उरला होता, जुना आणि कडक झालेला. जोरात टोक लागलं तर फाटणार. गुरुजींनी श्वास रोखून मजकूर कोरला. खाली सही हवी होती, आणि ती तिचीच हवी होती. डोमानं तिला नाव लिहायला शिकवलं होतं, पण लिहून वर्षं झाली होती. तिनं लेखणी घेतली. 'वि' झाला. 'म' झाला. 'ला'च्या कान्याशी कागद थोडा चिरला. कुणी हललं नाही. चीर तिथेच थांबली. तिनं 'बाई' लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली.

माझी गादी तर उंदरांनी खाल्ली होती. गुरुजींनी धोतराची घडी घालून नवी गादी केली. पहिला कागद कोरा निघाला, दुसराही कोराच. तिसऱ्यावर नुसता काळा डाग. गुरुजी दांडा फिरवत राहिले. नववा कागद निघाला आणि त्यावर सगळी अक्षरं होती. 'ला'च्या शेजारी चिरेची एक बारीक रेघही. ती रेघ मग प्रत्येक प्रतीवर उमटली.

दुपारी हिरालाल आला तेव्हा विमलाबाईनं एक प्रत त्याच्याही हातात दिली. त्यानं ती उभ्यानं वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि तिला नमस्कार करून गेला.

दिवाळीनंतर त्याची कॅसेट आली. सानगडीच्या बाजारात चहाच्या दुकानावर ती वाजत होती. विमलाबाई आणि धुरपता बाजाराला गेल्या होत्या. आधी डोमाचं नाव आलं, मग गाणं सुरू झालं. धुरपतानं परतल्यावर गुरुजींना सांगितलं की विमला रस्त्यात तशीच उभी राहिली, पूर्ण गाणं ऐकलं आणि शेवटी इतकंच म्हणाली की पेटीचा आवाज जरा जास्त झाला. त्या हिवाळ्यात पवनीच्या छापखान्यानं पुस्तक काढलं. एकोडीच्या बायांनी रोवणीच्या गाण्यात स्वतःचं एक कडवं घातलं. गुरुजींना ते आवडलं नाही. विमलाबाईनं मात्र ते पाठ केलं.

आता माझा दांडा फिरत नाही. माझ्यासाठी तेल आणा, असा हट्ट मी धरणार नाही. एवढंच मागते. तुमच्या गावात कुणी गाणं रचलं असेल, नाटक लिहिलं असेल, तर तो माणूस आहे तोवर त्याच्याकडे जा. ते कागदावर कुणाच्या नावे आहे ते विचारा. कुलपात असेल तर चार जण मिळून सोडवून आणा. आणि सोडवलं की ज्याचं तोंड तुम्हाला पाहवत नाही, त्यालाही ते गाऊ द्या. हे शेवटचं फार कठीण आहे. मी स्वतः, हिरालालनं ती प्रत खिशात घातली तेव्हा, मनातून खूप चिडले होते.