जंतूच्या भिंतीचं गाणं

विशाखाला सगळं पाठ होतं, फक्त बोलता येत नव्हतं. फार्मसीच्या तोंडी परीक्षेत मागच्या खेपेला हेच झालं. परीक्षकांनी अँटिबायोटिकचे गट विचारले आणि हिची दातखीळ बसली. आता दुसरी खेप. ही गेली की वर्ष गेलं.

परीक्षेला चार दिवस उरले, तशी ती हर्सूलच्या घरी पुस्तकावर डोकं टेकून बसली. तिची आई कडूबाई भाकरी थापायची थांबली. बावीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली राबलेली बाई. आणि विहारातल्या बायकांच्या गायन पार्टीत पुढं उभी राहून सवाल-जवाब लढवणारी.

"तुझं ते पेनिसिलिन करतं काय?"

"जंतूची भिंत पाडतं."

"उभी भिंत?"

विशाखानं पान उलटलं. "नाय गं. नवी बांधू देत नाय. विटा एकमेकींना धरतच नाहीत. मग आत पाणी शिरतं अन् जंतू फुगून फुटतो."

"मग पाडतं कशाला म्हणती? माल नासवतं म्हण!" माल म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू. "अन् आपल्या अंगातल्या भिंती?"

"आपल्या पेशींना तसली भिंतच नसते."

"लई शहाणं औषध हाय," म्हणत कडूबाईनं परातीवर ठेका धरला:

*बांधकाम चालू जंतूचं गं, वीट बसंना विटंवर,*
*पेनिसिलिन आलं बाई, माल नासला पाटीवर!*

मग काय, रोज एक कडवं. जंतूच्या पोटात प्रथिनं रांधणारं स्वयंपाकघर असतं, ते बंद पाडणाऱ्या औषधाचं दुसरं:

*टेट्रासायक्लिन बसलं बाई चुलीम्होरं आडवं,*
*जंतूच्या घरी कुणी आता रांधून दाखवावं!*

सिप्रोफ्लॉक्सासिन जंतूच्या डीएनएचा, म्हणजे वंशाच्या दोऱ्याचा, पीळ सुटू देत नाही, दोरा तुटतो. सल्फाची गोष्ट तर कडूबाईला फारच आवडली. फोलिक ॲसिड जंतूला घरीच करावं लागतं आणि सल्फा नेमकं तेच अडवतं. माणसाला ते भाजीतून आयतं मिळतं.

"म्हंजी मेथीनं वाचवलं की आपल्याला!" ती हसून लोळायची राहिली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या सरोजिनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "पेनिसिलिन. सांगा."

चार दिवस विशाखानं हे गाऊनच म्हटलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि सुरातच सुरुवात झाली. वर पार्टीतल्यासारखं "जी गं जी"सुद्धा निघून गेलं. शेजारच्या टेबलावरच्या सरांच्या हातातला पेन खाली पडला. विशाखा कानापर्यंत लाल झाली.

"सॉरी मॅडम. चालीशिवाय आठवतच नाय."

"मी थांब म्हटलं का? पुढचं कडवं?"

मग चारही कडवी झाली. मॅडमचं बोट टेबलावर हळूच ठेका धरत होतं. ते थांबलं.

"आता हे सांग. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन एकदमच दिली, तर दुप्पट फायदा?"

याचं कडवं नव्हतं. विशाखानं डोळे मिटले. डोळ्यांपुढं आईची साइट आली: मजूर बसलेले, मिक्सर थंड, आणि पाट्या रिकाम्या, नासवायला माल कालवलेलाच नाही.

"उलट नुकसान होऊ शकतं, मॅडम," ती म्हणाली, आणि या वेळी चाल न लावता. "टेट्रासायक्लिननं जंतूची वाढच थांबते. म्हणजे बांधकाम बंद. बांधकामच बंद, तर पेनिसिलिन कुणाचा माल नासवणार? ते बिचारं साइटवर नुसतं बसून राहील."

सरोजिनी मॅडम खळखळून हसल्या. "कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाय, मॅडम. आईच्या कामावर."

"वर्ष वाचलं तुझं. जा, पळ. पुढचीला पाठव."

दाराबाहेर सई वही छातीशी धरून उभी होती. तिनं विशाखाचा दंड पकडला. "काय विचारतात गं?"

विशाखाला हसू आवरेना. "काही विशेष नाय. गाणं म्हणायला लावतात."

"अगं बाई! मला तर गाता येत नाही!" सई रडवेली झाली, आणि तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.