सबनीसांच्या कोंबड्या

‘मला माहीत नाही’ हे वाक्य देवदत्त सबनीसांच्या तोंडून त्या इमारतीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते कुवेत सिटीत एका बँकेत अधिकारी होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौज घुसली, बँक बंद पडली आणि साहेबांना हुकूम सोडायला हाताखाली कुणी उरलं नाही. मग त्यांनी सालमियातल्या आपल्या इमारतीतल्या नऊ भारतीय कुटुंबांची कमिटी काढली आणि स्वतःच अध्यक्ष झाले. कुणी हरकत घेतली नाही. अशा दिवसांत रिकाम्या खुर्चीसाठी कोण भांडतो?

खालच्या वाणसामानाच्या दुकानाचा मालक सौदीला पळताना वॉचमन मजीदकडे किल्ली देऊन गेला होता. ‘उपाशी राहू नका,’ एवढंच म्हणाला होता. त्या दुकानात गव्हाची पाच पोती होती, थोडी डाळ होती. किल्ली तिसऱ्या दिवशी सबनीसांच्या खिशात गेली.

तिसऱ्या मजल्यावर असमा परकार राहत. शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. नवरा यूसुफ सुट्टीवर कोकणात खेडला गेला होता, तो तिकडेच अडकला. शाळा बंद असल्यामुळे इमारतीतली सात मुलं रोज सकाळी त्या आपल्या हॉलमध्ये बसवत. सबनीसांची तेरा वर्षांची नेहाही त्यांत होती. ‘पोरं गप्प राहतात, तेवढाच उपयोग,’ असं सबनीस जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

एके दिवशी त्यांनी आपला टीव्ही देऊन कुणाच्या तरी टेंपोतून बारा कोंबड्या आणल्या, गच्चीवर पत्र्याखाली ठेवल्या आणि मीटिंग बोलावली.

“माणसाला प्रोटीन लागतं,” ते म्हणाले. “आपण गहू कोंबड्यांना घालू. रोज दहा अंडी. मुलांची सोय झाली.”

असमा म्हणाल्या, “सबनीससाहेब, तो गहू आपणच खाल्ला तर जास्त माणसांना पुरेल. कोंबडी खाते त्यातलं बहुतेक तिच्या जगण्यातच खर्च होतं. आपल्या ताटात फार तर दहावा हिस्सा येतो.”

“टीचर, हे तुम्ही नववीच्या पोरांना सांगा.”

असमांनी आपल्या हॉलमधल्या पोरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सात मुलांना घेऊन त्या गच्चीवर गेल्या. मजीदकडून ताणकाटा आणला. रोज किती गहू घातला, किती अंडी मिळाली, ते लिहायचं काम नेहाकडे दिलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. बाप कोण, हा विचार त्यांनी मुद्दामच केला नाही.

ऑगस्टच्या उन्हात कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत उभ्या असत. असमांनी एक उचलून नेहाच्या हातात दिली.

“कशी लागते?”

“हॉट, टीचर. व्हेरी हॉट.”

“सूर्याची ऊर्जा गव्हात आली. गव्हातली हिच्यात आली. आणि ती आता अशी ऊब होऊन हवेत चाललीय. ती पुन्हा गोळा करता येत नाही. ना तुला, ना मला, ना कमिटीला.”

मुलं हसली. नेहाही हसली आणि मग कोंबडी खाली सोडून तिने वही उघडली.

तीन आठवड्यांनी पुन्हा मीटिंग भरली. सबनीस इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. “योजना यशस्वी झाली आहे,” त्यांनी सुरुवात केली. “उत्पादन हळूहळू वाढतंय.”

“किती अंडी?” कुणीतरी विचारलं.

“साधारण शंभरच्या आसपास.”

“नाइन्टीन, पप्पा,” नेहा मागून म्हणाली. ती वही घेऊन उभी होती. “गहू ट्वेन्टी-एट किलो. अंडी नाइन्टीन. मी रोज लिहिलंय.”

सबनीस आधी लाल झाले, मग त्यांनी ते हसू आणलं, जे ते बँकेत शिपायासाठी राखून ठेवत असावेत.

“टीचरचा काटा जुना आहे.”

“काटा जुना असेल,” असमा म्हणाल्या. “अंडी काट्यावर मोजत नाहीत.”

सबनीसांनी हवामानाला दोष दिला, कोंबड्यांच्या जातीला दिला, शेवटी मजीदच्या पाणी घालण्याला दिला. एवढं सगळं चुकीचं असताना एक माणूस तेवढा बरोबर होता. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई, सुरेखा, उठल्या आणि त्यांच्यापुढे हात पसरून म्हणाल्या, “किल्ली द्या.” सबनीसांनी दिली. त्यांच्याकडे बघायलाही कुणी थांबलं नाही. ती वेळ भांडणाची नव्हती आणि तो माणूस भांडण्याच्या लायकीचा नव्हता.

त्याच दिवशी उरलेला गहू नऊ घरांत वाटला गेला. कोंबड्या दोन दिवसांनी शिजल्या. त्यांचं मांस दोरखंडासारखं चिवट होतं. सबनीसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

नेहाला त्यांनी वर्गात जायची बंदी केली. चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी आली, दारात चपला काढल्या आणि आपल्या जागी बसली.

“घरी सांगितलंस?” असमांनी विचारलं.

“हो. पप्पा म्हणाले, टीचरला काही कळत नाही.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, मग तुम्ही शिकवा. ते झोपायला गेले.”

असमांनी तिला वही उघडायला सांगितली. सप्टेंबरच्या अखेरीस, भारतात जाणारं विमान पकडायला जॉर्डनमधल्या अम्मानला जाणाऱ्या पहिल्या बसच्या यादीत पहिलं नाव सबनीसांचं होतं, कारण किल्ली गेली तरी अध्यक्ष तेच होते आणि यादीही त्यांनीच केली होती. असमांचं नाव तिसऱ्या बसमध्ये होतं. मधल्या दहा दिवसांत नेहा गेल्यावर उरलेल्या सहा मुलांचा तो ऊर्जेचा धडा त्यांनी पूर्ण केला, आणि घरात शिल्लक असलेल्या गव्हाच्या पोळ्या करून सगळ्यांना वाटेसाठी बांधून दिल्या.